दादांचं मशीन आणि अण्णांचा वस्तरा

आजचा विषय हजामतीचा आहे, तेव्हा बायकामंडळींनी वाचलं नाही तरी माझी तक्रार नाही. पण आमच्या घरातल्या एका बाईचा संबंध पुढं येणार आहे, म्हणून वाचलंत तर बरं.

माझ्याकडं सध्या एकसष्ट जुनी सेफ्टी रेझर आहेत. काही पितळी, बरीचशी निकेलची, दोन सोन्याचं पाणी दिलेली. सौ. त्याला 'भंगाराचं म्युझियम' म्हणतात. ज्याच्यापायी हे सुरू झालं ते मात्र त्यात नाही, कारण ते मी स्वतःच्या हातानं भंगारात घातलं.

१९९८ साली शहापुरातलं आमचं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं. दादांना, म्हणजे वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचं दाढीचं सामान निघालं. काळवंडलेलं तीन तुकड्यांचं रेझर, केस झडलेला ब्रश, तुरटीचा खडा, चेपलेली वाटी. मी तेव्हा प्लास्टिकच्या दांडीचं, दोन पात्यांचं नवीन रेझर वापरत होतो. पेटी जशीच्या तशी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. पितळ वेगळं काढायचंही सुचलं नाही, सगळं लोखंडाच्या भावात गेलं. बँकेत जुन्या टाइपरायटरचा घसारा काढत काढत शेवटी पुस्तकात एक रुपया शिल्लक ठेवतात, वस्तू अजून आहे एवढं कळावं म्हणून. सदतीस वर्षं ते रुपये मी सांभाळले. घरी विसरलो.

निवृत्तीनंतर मावशीकडं म्हापशाला गेलो होतो. तिथल्या शुक्रवारच्या बाजारात एकाच्या पथारीवर जुन्या कुलपांमध्ये अगदी तसलंच रेझर पडलेलं दिसलं. उचललं, दांडी फिरवली, डोकं सुटलं, आणि सकाळी सातला दादा न्हाणीघराच्या दारात आरसा लावून बसायचे ते डोळ्यांसमोर आलं. दीडशे रुपये दिले, घासाघीस केली नाही. मग मागं लागलोच. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, गोव्यातली जुनी घरं, आपल्या कॅम्पातल्या बंगल्यांचं मोडीत निघालेलं सामान.

आता थोडा इतिहास, कारण मला स्वतःला तो फार उशिरा कळला.

वस्तऱ्याची खरी मेहनत दाढीत नाही, धारेत आहे. निसण्यावर घासायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर मागं-पुढं पाजळायचा, आणि हे रोज. म्हणून ते काम ज्याचं त्याच्याकडं होतं. वस्तऱ्याला आडोसा लावून तो 'सुरक्षित' करायचा प्रयत्न जुना. फ्रान्समध्ये पेरे नावाच्या कारागिरानं अठराव्या शतकातच पात्याला लाकडी कड लावून पाहिली होती. न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी १८८० साली पेटंट घेतलं, त्यांचं 'स्टार' रेझर चांगलं खपलंही. पण त्यातलं पातं जाडच होतं, धार लावायची पीडा काही सुटली नव्हती.

ती सोडवली किंग कॅम्प जिलेटनं. हे गृहस्थ बाटल्यांची पत्र्याची बुचं करणाऱ्या कंपनीचे विक्रेते. तिथले बुचाचे संशोधक विल्यम पेंटर यांनी त्यांना सल्ला दिला, की लोक एकदा वापरून फेकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोध. १८९५ साली एका सकाळी दाढी करताना त्यांना पातळ पत्र्याचं पातं सुचलं. धार गेली की फेका, नवीन लावा. जाणकारांनी सांगितलं, एवढ्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार टिकवता येणार नाही. सहा वर्षं गेली. शेवटी विल्यम निकर्सन या इंजिनिअरनं ते जमवलं, १९०१ मध्ये कंपनी निघाली आणि १९०३ या पहिल्या वर्षात विक्री झाली ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. आमच्या बँकेत असा प्रस्ताव आला असता तर मी नक्की परत पाठवला असता. पुढच्या वर्षी नव्वद हजारांच्या वर रेझर गेली.

आम्हाला कॉमर्स कॉलेजात शिकवलेलं आठवतं, की जिलेटनं रेझर जवळजवळ फुकट वाटलं आणि ब्लेडवर पैसे काढले. धंद्याच्या पुस्तकांत हे आजही छापतात. प्रत्यक्षात पेटंट होतं तोवर रेझरची किंमत पाच डॉलर होती, आणि त्या काळच्या कामगाराला ती जड होती. १९२१ साली मूळ पेटंट संपलं, कुणीही नक्कल करू लागलं, तेव्हा कुठं जुन्या धर्तीचं रेझर एक डॉलरला निघालं. म्हणजे शहाणपण आधी आणि विक्री नंतर असं काही नव्हतं, वेळ आली तेव्हा भाव उतरवला. आणखी एक गंमत, आम्हा बँकवाल्यांना कळेल अशी. १९३० मध्ये ऑटोस्ट्रॉप या प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीनीकरण चाललं असताना हिशेब तपासले, तर जिलेटनं आपल्याच परदेशी शाखांना पाठवलेला माल विक्री म्हणून दाखवून वर्षानुवर्षं नफा फुगवला होता. मार्चअखेरीला असले प्रकार पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही.

त्या भांडणातून आपल्याला मात्र फायदा झाला. आधी ब्लेडला तीन गोल भोकं असत, नंतर मधोमध लांब खाच आली. ही खाच जुन्या तीन भोकांच्या रेझरवरही बसते. म्हणून आज पानपट्टीवर मिळणारं दोन-तीन रुपयांचं ब्लेड शंभर वर्षांपूर्वीच्या रेझरमध्ये चपखल बसतं. असं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

हे रेझर जगभर पसरलं ते युद्धानं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेडं घेतली. विषारी वायूचा मुखवटा दाढीवर नीट बसत नाही, हे एक कारण. ब्रिटिश फौजेत तर १९१६ पर्यंत मिशी ठेवायचीच सक्ती होती, ती त्या वर्षी उठली. सैनिक घरी परतले ते रोज आपली आपण दाढी करायची सवय घेऊनच.

आमच्याकडं ही सवय दुसऱ्या महायुद्धातून आली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, हे तुम्हाला सांगायला नको. इटलीत मराठ्यांनी काय केलं तेही ठाऊक आहे. यशवंत घाडगे यांना तिथंच मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दादांचे एक मावसभाऊ त्याच मोहिमेतून १९४५ च्या अखेरीला परत आले. त्यांनी दादांना एक रेझर दिलं. पितळेवर निकेल, तीन तुकडे, 'मेड इन इंग्लंड', आणि दांडीवर सरकारी मालाचा बाणाचा छाप. घरात त्याचं नाव पडलं 'मशीन'. तेच मी काट्यावर ठेवलं.

तोपर्यंत आमच्या घरी कुणी स्वतःची दाढी स्वतः करत नव्हतं. आठवड्यातून दोनदा अण्णा यायचे. त्यांचं पूर्ण नाव लिहीत नाही, नातवंडं गावातच आहेत. धोकटीत दोन वस्तरे, निसणा, पट्टा, कात्री, नराणी आणि पितळी वाटी. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावास्या वर्ज्य. आजोबा पडवीत पाटावर बसायचे, अण्णा समोर उकिडवे. वर्षाला खानापूरकडच्या शेतातलं ठरलेलं भात. दाढी झाली की आजोबा थेट न्हाणीघरात. आंघोळ होईपर्यंत कुणाला शिवत नसत. ज्याच्या उघड्या वस्तऱ्यापुढं डोळे मिटून मान द्यायची, त्याच्याच हाताचा विटाळ. हे मी स्वतः लहानपणी पाहिलंय, कारण आजोबांनी मशीनला कधी हात लावला नाही. तेव्हा त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं.

आणि अण्णांचं आणखी एक काम होतं, ते मागच्या दारानं यायचं. आजोबांची धाकटी बहीण, आम्ही आत्याआजी म्हणायचो, लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती. लाल आलवण, आणि महिन्याला डोक्यावरून वस्तरा. आधी अण्णांचे वडील, मग अण्णा. मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं होतं. त्याच्या आधी जोतीराव फुल्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. पण आमच्या मागच्या दारापर्यंत ते पोचायला आणखी पन्नासावर वर्षं लागली.

१९४६ साली अण्णांनी आजोबांना सांगितलं, "बाकी सगळं करतो, हे काम नाही करणार." आजोबांनी त्या साली भात दिलं नाही. अण्णा यायचे बंद झाले.

पुढं काय झालं याच्या दोन हकिगती आहेत. आईची अशी, की आजोबा दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला निघाले होते, तेव्हा दादा आडवे आले. म्हणाले, आत्याच्या डोक्याला आता कुणीही हात लावायचा नाही, आणि माझ्या दाढीसाठी कुणाला बोलवायचं कारण नाही, माझं मी करतो. दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू. आत्याआजी मला आठवतात त्या पोरासारख्या बारीक पांढऱ्या केसांच्या. रोज थोडं खोबरेल लावायच्या, फार निगुतीनं.

दुसरी हकिगत मला ऐकायला १९७८ साल उजाडलं. माझी बदली बेळगावच्याच एका शाखेत होती. अण्णांचा मुलगा कर्जाचा अर्ज घेऊन आला. शहापूर खडेबाजारात सलून काढायचं होतं, फिरती खुर्ची आणि दोन मोठे आरसे. डीआरआय योजना १९७२ पासून होती, चार टक्के व्याज, अशाच माणसांसाठी. कागद बघत मी जुनी ओळख काढली, जरा अभिमानानंच म्हटलं, की तुमच्या वडिलांच्या बाजूनं आमचे दादा उभे राहिले होते. तो सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "साहेब, तुमच्या दादांचं मशीन आलं आणि आमचं घर सुटलं. बाबांना वाटलेलं, चार महिने दाढ्या वाढल्या की मोठे मालक बोलावतील. मशीन नसतं तर बोलावलंच असतं की ओ."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या हातातलं एकच हत्यार म्हणजे काम बंद ठेवणं, आणि मशीननं तेच बोथट केलं होतं. आजोबांनी वर्षभरानं अण्णांना परत बोलावलं खरं, पण फक्त स्वतःपुरतं, आणि भात निम्म्यावर आलं. दादांनी ते चांगल्या मनानंच केलं असणार. अण्णांच्या घरात त्याचा हिशेब वेगळा होता, आणि हिशेब म्हणून बघितला तर त्यात चूक नव्हती. कर्ज मंजूर केलं. एक हप्ता चुकला नाही, हेही सांगतो.

दादांचं मशीन वापरणं मात्र जिलेटसाहेबांना बघवलं नसतं. साहेबांचा मिशीवाला चेहरा ब्लेडच्या पुडीवर छापलेला असायचा, आणि त्यांचं सगळं गणित फेकण्यावर उभं. अमेरिकेत घरोघरी न्हाणीघराच्या भिंतीत एक फट ठेवत, त्यातून जुनी ब्लेडं भिंतीच्या पोकळीत टाकत. घरं पाडताना आता ढिगानं बाहेर येतात म्हणे. आमच्याकडं एक ब्लेड तीन आठवडे. ते काचेच्या ग्लासात आतून बोटानं दाबून गोल फिरवायचं, की धार पुन्हा येते, असं दादा म्हणत. दाढीला नालायक झालं की आई शिवण उसवायला घेई, मग माझ्या पेन्सिलीला. तेव्हाची साधी पोलादी ब्लेडं गंजायची, म्हणून पुसून, कागदात गुंडाळून ठेवायची. गंज न धरणारी ब्लेडं विल्किन्सननं १९६२ मध्ये काढली. गोवा मुक्त झाल्यावरही तिथल्या दुकानांत परदेशी माल काही काळ मिळायचा. म्हापशाची मावशी येताना एक पाकीट आणायची, ते लग्नकार्यालाच निघे. पुढं टोपाझ, पनामा असली देशी ब्लेडं सर्रास मिळायला लागली.

साफसफाईबद्दल थोडं सांगतो, कारण विचारणारे बरेच असतात. पहिली चूक मी केली ती तुम्ही करू नका. देवाची भांडी चिंचेनं लखलखतात म्हणून सोन्याचं पाणी दिलेलं एक रेझर चिंच-मिठानं घासलं. पाच मिनिटांत सोनं गेलं, खाली पितळ हसत होतं. आंबट काही लावायचं नाही. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, आणि सबुरी. काळं दिसतं त्यातलं निम्म्याहून जास्त जुन्या साबणाचं किटण असतं. दांडी फिरवली की वरचे दोन दरवाजे उघडतात, ती रेझर बहुधा जाम झालेली असतात. रात्रभर गरम पाण्यात ठेवून सकाळी तेलाचे दोन थेंब सोडायचे. जोर लावला तर आतला दांडा पिळतो. जुन्या तीन तुकड्यांच्या रेझरची पोकळ दांडी उभी तडकते, तो त्यांचा जन्माचा रोग. ती मी ओळखीच्या सोनाराकडून डाग देऊन घेतो. निकेल पारच उडालं असेल तर उद्यमबागेत मुलामा देणारे आहेत. पण मी फक्त तीनच दिली. बाकीच्यांचं पितळ जिथं दिसतं तिथं कुणाचा तरी अंगठा टेकत होता, तो पुसून कशाला टाकायचा?

वय काढायलाही मजा येते. अमेरिकन जिलेटवर पन्नासच्या दशकापासून एक अक्षर आणि एक आकडा असतो, अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ए-१ म्हणजे १९५५ ची पहिली तिमाही. तिमाही पाहिली की माझा हात आपोआप पेनाकडं जातो.

संग्रहातलं सगळ्यात लाडकं विचाराल तर रोल्स रेझर. विलायती, चपट्या डबीतलं. डबीच्या एका झाकणाला दगड, दुसऱ्याला चामडं. पातं डबीतच ठेवून दांडी पुढं-मागं केली की ते आपोआप उलटतं आणि धार लागते, खटक-खटक आवाज येतो. निसणा आणि पट्टा दोन्ही खिशात. फेकायचं काहीच नाही, एक पातं वर्षानुवर्षं. आपल्या घरांना हेच शोभलं असतं. पण फेकण्यापुढं ते टिकलं नाही. नाव एका कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या धंदेवाल्यानं घेतलं आणि १९६४ मध्ये कंपनी दिवाळ्यात गेली.

दाढी मी रोज यांतल्याच एकानं करतो, पाळीपाळीनं. दाबायचं नाही, रेझरच्या वजनानंच चालवायचं, आधी केसांच्या उतारानं, मग वाटलं तर उलटा हात. पहिला महिना गालावर तुरटी फिरवायची तयारी ठेवा.

दादा शेवटचे आठ महिने अंथरुणावर होते. हात थरथरायचा, मशीन धरवत नव्हतं. मी प्रयत्न केला, हनुवटीखाली कापलं. मग अण्णांचा मुलगा दर रविवारी सलून उघडायच्या आधी यायला लागला. पलंगावर दादांच्या शेजारी बसायचा, ब्लेड कागदासकट मोडून दोन तुकडे करायचा, अर्धं आपल्या घडीच्या वस्तऱ्यात घालायचा. आता सगळ्या सलूनांत तसंच आहे, रोगराईच्या भीतीनं प्रत्येकाला नवीन ब्लेड. जिलेटचं ब्लेड शेवटी वस्तऱ्यातच येऊन बसलं. दादा डोळे मिटून मान वर करायचे. चहा आमच्याच कपात व्हायचा, पैसे तो मोजून घ्यायचा. मशीनचा विषय दोघांनीही काढला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

आता सलून नातू चालवतो, एसी आहे. मागच्या वर्षी त्यानं गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातून अण्णांचा वस्तरा दाखवला. सोलिंगनचा छाप, शिंगाची मूठ, पातं झिजून निम्मं झालेलं. माझ्यातला संग्राहक जागा झाला. किंमत विचारली, तो हसला. मी पाच हजार म्हटलं, मग आठ. "तो विकायचा नाही ओ काका," एवढंच म्हणाला. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटली. ज्यानं बापाचं मशीन वजनावर दिलं, तो दुसऱ्याच्या आज्याच्या वस्तऱ्याला भाव लावत होता.

खंडेनवमीला तो वस्तरा पाटावर मांडतात, कात्र्या आणि ट्रिमरच्या शेजारी. या वर्षी पूजेच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला, "काका, गंज धरूलालाय, जरा बघता काय? दुकानातच बसून करा हं." गेलो. तासभर बसून पुसला, बिजागरीत तेलाचा थेंब सोडला. खोबरेल लावत होते ते, ते नको म्हणून सांगितलं, आपल्याकडच्या थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल उत्तम. छोटी बाटली तिथंच ठेवून आलोय.